खलिफाचं नाव, सुलतानाची टांकसाळ

भाच्याने विचारलं, "मावशी, खलिफा म्हणजे मुसलमानांचा पोपच ना?" मी "नाही" एवढंच लिहून पाठवलं, कारण मोबाइलवर याहून जास्त टाइप करायचा मला कंटाळा आहे. उरलेलं उत्तर इथे देते. तो वाचेल की नाही, देव जाणे.

मी इस्लामी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. नाणी जमवते, आणि नाण्यांवरचा मजकूर लावता यावा म्हणून चाळिशीनंतर अरबी अक्षरं गिरवली. नोकरी लेखापरीक्षणातली. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की मजकुराआधी नजर सहीकडे जाते. सही कुणाची, आणि तिजोरीची किल्ली कुणाकडे? बऱ्याचदा ही दोन माणसं वेगळी असतात. खिलाफतीचा इतिहास मला जो काही कळला, तो याच प्रश्नाच्या वाटेने.

इस्लामी जगात राज्य कुणाचं हे दोन गोष्टींवरून ओळखायचं: खुतबा आणि सिक्का. शुक्रवारच्या सामूहिक नमाजआधी मशिदीत जे प्रवचन होतं, त्यात कुणासाठी दुवा मागितली जाते. आणि बाजारात चालणाऱ्या नाण्यावर कुणाचं नाव आहे. बंडखोराने गाव घेतलं की पहिल्या शुक्रवारी खुतब्यातलं नाव बदलायचं आणि मग टांकसाळ कामाला लागायची. खुतबा हवेत विरला. नाणी मात्र उरली.

माझ्याकडे दिल्लीचा सुलतान बल्बन याचा एक टंका, म्हणजे चांदीचं नाणं, आहे, साधारण अकरा ग्रॅमचा. कडेला घासलाय, त्यामुळे टांकसाळीचं नाव आणि साल गेलं, पण मधला मजकूर ठसठशीत आहे. एका बाजूला सुलतानाची पूर्ण बिरुदावली, 'अस-सुलतान अल-आझम' पासून 'बल्बन' पर्यंत. दुसऱ्या बाजूला फक्त तीन ओळी: अल-इमाम, अल-मुस्तासिम, अमीर अल-मोमिनीन. म्हणजे श्रद्धावंतांचा सेनापती, बगदादचा अब्बासी खलिफा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात काहीच खटकलं नाही. नंतर तारखा समोर ठेवल्या. बल्बन दिल्लीच्या गादीवर आला १२६६ मध्ये. मुस्तासिमला हुलागूच्या मंगोलांनी बगदाद घेऊन मारलं फेब्रुवारी १२५८ मध्ये. गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली, अशी कथा सांगतात.

बातमी दिल्लीला पोचली नव्हती, असं म्हणायची सोय नाही. दिल्लीच्याच इतिहासकाराने, मिन्हाज-उस-सिराजने, १२६० च्या सुमारास बगदादच्या पाडावाची हकीकत लिहून ठेवली आहे. तरी बल्बनची नाणी त्या नावाने पडत राहिली, त्याच्या नातवाची, कैकुबादची पडली, आणि जलालुद्दीन खिलजीचीही पडली. जलालुद्दीनचा खून झाला १२९६ मध्ये. म्हणजे खलिफा मरून अडतीस वर्षं झाली, तरी दिल्लीच्या टांकसाळीत तो हयात होता.

लेखापरीक्षकाला हे दिसलं की झोप उडते. मयत माणसाच्या सहीने अडतीस वर्षं व्यवहार! पण त्यातच उत्तरही होतं. सुलतानाला खलिफा नको होता, त्याला खलिफाचं नाव हवं होतं. गुलाम म्हणून विकत आणलेल्या माणसाला 'तू कोण आमच्यावर राज्य करणारा?' या प्रश्नाचं उत्तर नाण्याच्या मागच्या बाजूवर द्यावं लागत होतं.

पण हे असं का झालं हे कळायला सहाशे वर्षं मागे, मदिनेला जावं लागतं.

६३२ मध्ये मुहम्मद पैगंबर गेले. मागे कोण, म्हणजे त्यांचा खलिफा (उत्तराधिकारी) कोण, याची सर्वांना मान्य होईल अशी लेखी तजवीज नव्हती. शियांच्या मते पैगंबरांनी गदीर खुम्म इथे आपले जावई हजरत अली यांना जाहीरपणे नेमलं होतं. सुन्नी त्या प्रसंगाचा अर्थ वेगळा लावतात. त्या दिवशी घडलं ते असं: अली आणि घरचे दफनाच्या तयारीत असताना मदिनेचे मूळ रहिवासी, अन्सार, बनू साइदा कुळाच्या मांडवात जमले. एक अमीर (प्रमुख) आमचा, एक तुमचा, असा त्यांच्यातून प्रस्ताव आला. पैगंबरांचे निकटचे साथीदार उमर आणि अबू बक्र तिथे धावले, बाचाबाची झाली, उमरनी अबू बक्र यांच्या हातात हात दिला आणि बाकीच्यांनी तेच केलं. या हात देण्याला बैअत म्हणतात.

पुढची नेमणूक वेगळ्याच पद्धतीने. अबू बक्र यांनी उमरना स्वतः नेमलं. उमरनी मरताना सहा जणांची समिती केली, तिने उस्मानना निवडलं. उस्मान यांना बंडखोरांनी त्यांच्याच घरात मारलं आणि त्या गोंधळात मदिनेतल्या लोकांनी अलींच्या हातावर बैअत केली. पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला: ६४४, ६५६, ६६१. मग मुआवियाने तलवारीच्या जोरावर पद घेतलं आणि मुलाला, यजीदला, वारस करून टाकलं. ६८० मध्ये करबला घडली, यजीदच्या फौजेने अलींचे पुत्र हुसैन यांना मारलं. पन्नास वर्षांच्या आत नेमणुकीच्या पाच तऱ्हा, आणि प्रत्येक तऱ्हा पुढच्या कुणीतरी दाखला म्हणून वापरली. 'इस्लाममध्ये खलिफा असा निवडतात' असं कुणी ठामपणे सांगू लागलं की मी विचारते, नेमकं कुठलं साल?

त्या काळाची नाणी बघितली तर गंमत वाटते. सुरुवातीची पन्नास-साठ वर्षं इराणच्या बाजूला इस्लामपूर्व सासानी राजांचीच चांदीची नाणी चालली. मुकुटवाला खुस्रो एका बाजूला, अग्निवेदी दुसऱ्या बाजूला, आणि कडेला बारीक अक्षरांत 'बिस्मिल्लाह'. दाराबजिर्दच्या टांकसाळीचं मुआवियाचं नाणं तर 'श्रद्धावंतांचा सेनापती' ही पदवी चक्क पहलवी या जुन्या इराणी लिपीत देतं.

मग दुसरं यादवी युद्ध पेटलं. मक्केत अब्दुल्ला इब्न झुबैर खलिफा, दमास्कसला उमय्यद, म्हणजे मुआवियाच्या घराण्याचा, खलिफा, आणि दोघांनाही न मानणारे खारिजी इराणात वेगळेच. प्रत्येकाने नाण्यावर आपला मुद्दा मांडला. 'मुहम्मद हे अल्लाहचे प्रेषित' हे शब्द नाण्यावर प्रथम दिसतात ते दमास्कसच्या खलिफाकडे नव्हे, इब्न झुबैरच्या बाजूच्या सुभेदाराने बिशापूरला पाडलेल्या नाण्यावर, हिजरी ६६ मध्ये. खारिजींचा नेता कतरी याने लिहिलं, 'निवाडा फक्त अल्लाहचा'. खारिजींचं म्हणणं होतं की पापी खलिफाला हटवावं, आणि लायक माणूस कुठल्याही कुळातला चालेल. हे तीन पक्ष एकमेकांशी मैदानात लढत होते, तसेच दिरहमांवर, म्हणजे चांदीच्या नाण्यांवरही, भांडत होते.

जिंकला दमास्कसचा अब्दुल मलिक. त्याने आधी स्वतःचं चित्र नाण्यावर काढलं: लांब अंगरखा, मोकळे केस, हात तलवारीच्या मुठीवर. त्याच्या काही नाण्यांवर 'अल्लाहचा खलिफा' असंही लिहिलेलं आहे. परंपरा सांगते की अबू बक्र यांनी ही पदवी नाकारली होती. मी फक्त अल्लाहच्या प्रेषिताचा खलिफा, असं ते म्हणाले. अब्दुल मलिकला ती नाकारावीशी वाटली नाही. पण हे चित्र तीन-चार वर्षांतच गेलं. हिजरी ७७, म्हणजे ६९६-९७ मध्ये नवा सोन्याचा दिनार आला, सव्वाचार ग्रॅमचा, आणि त्यावर नुसती अक्षरं. कुराणातली वचनं, साल, बस्स. खलिफाचं चित्रही नाही आणि नावही नाही. इब्न झुबैरच्या बाजूची 'मुहम्मद हे अल्लाहचे प्रेषित' ही घोषणा मात्र त्याने उचलली होती. या दिनाराचा फोटो मी भिंगाखाली पुन्हा पुन्हा पाहते. अटलांटिकपासून सिंधपर्यंत पसरणारी सत्ता आणि नाण्यावर सत्ताधीश कुठेच नाही. माझ्या मते त्या पदाचा दरारा याहून कधीच मोठा नव्हता. नाव लिहायची गरजच पडली नाही.

७५० मध्ये उमय्यद गेले, अब्बासी आले, राजधानी पुढे बगदादला. या घराण्यातला मामून हा मला सर्वांत इंटरेस्टिंग वाटतो, कारण खलिफाने खरंच पोप व्हायचा प्रयत्न केला तो त्याने. ८१७ मध्ये त्याने शियांचे आठवे इमाम अली रझा यांना वारस नेमलं आणि अब्बासींचा काळा रंग सोडून हिरवा स्वीकारला. त्या सालांतल्या दिरहमांवर रझांचं नाव 'मुसलमानांचा युवराज' म्हणून कोरलेलं आहे. सुन्नी खलिफाच्या नाण्यावर शिया इमाम! बगदादेत दंगे झाले. ८१८ मध्ये रझा वारले. शिया म्हणतात विष दिलं. त्यांची कबर आहे ते आजचं मशहद.

मामूनचा दुसरा प्रयोग ८३३ चा. कुराण हे अल्लाहने निर्माण केलेलं, की त्याच्याइतकंच अनादी? मामून म्हणाला निर्माण केलेलं, आणि काझी नि हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेच्या, विद्वानांना बोलावून तसं वदवून घ्या असा हुकूम सोडला. बहुतेकांनी मान डोलावली. अहमद इब्न हंबल यांनी नाही डोलावली. मामून त्याच साली मेला. त्याचा भाऊ मुतासिम याने इब्न हंबलना फटके मारवले. तरी माणूस बधला नाही. पंधरा-वीस वर्षांत मुतवक्किल खलिफाने हे सगळं प्रकरण गुंडाळलं, आणि इब्न हंबलांच्या जनाज्याला बगदाद लोटलं.

माझ्या दृष्टीने खिलाफतीच्या इतिहासातला हा खरा सांधा. बगदादच्या पाडावाइतकाच मोठा, कदाचित जास्तच. धर्म काय म्हणतो हे सांगायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाचा निकाल लागला आणि तो खलिफाच्या विरुद्ध गेला. यापुढे तो उलेमांचा, म्हणजे शिकलेल्या, हदीस जाणणाऱ्या, फिकह (धर्मकायदा) शिकवणाऱ्या माणसांचा. त्यांना कुणी नेमत नव्हतं, त्यांचा कुणी प्रमुख नव्हता, आणि वक्फच्या उत्पन्नावर चालणारे त्यांचे मदरसे पुढे राजघराण्यांपेक्षा जास्त टिकले. इस्लामात धर्म आणि राज्य एकच असं आपण ऐकत आलो, पण नवव्या शतकानंतर प्रत्यक्षात दोन वेगळी दप्तरं होती. खलिफाच्या हातून धर्माचं दप्तर गेलं ते असं.

राज्याचं दप्तर जायला आणखी शंभर वर्षं लागली. ९४५ मध्ये बुवैही हे इराणकडचं लढवय्यं घराणं बगदादेत शिरलं. हे शिया. त्यांनी सुन्नी खलिफा ठेवला, फक्त महिनाभरातच एकाला काढून डोळे फोडले आणि दुसरा बसवला. शिया इमाम गादीवर बसवला असता तर त्याचं ऐकावं लागलं असतं. सुन्नी खलिफाचं ऐकायची त्यांना गरज नव्हती. त्यांच्या नाण्यांवर खलिफाचं नाव आहे, बुवैहीचं नाव आहे, आणि बुवैहीची बिरुदं साल-दर-साल लांबत जातात. १०५५ मध्ये सल्जूक तुर्क तुघरिल बेग आला, तो सुन्नी. खलिफाला वाटलं आता बरं होईल. झालं इतकंच की मालक बदलला.

याच काळात मावर्दी नावाचे काझी (मृत्यू १०५८) खलिफाच्या पदाची नियमावली लिहून गेले. उमेदवार कुरैश कुळातला हवा, न्यायी हवा, ज्ञानी हवा, डोळे-कान-हातपाय धड हवेत. डोळ्यांची अट वाचताना बुवैहींची आठवण येतेच. पण त्यांचं खरं कसब दिसतं ते बळाने सुभा बळकावणाऱ्या अमिराच्या प्रकरणात. असा अमीर शरियतचा मान राखत असेल आणि खलिफाला वरिष्ठ मानत असेल, तर खलिफाने त्याला सनद द्यावी. आमच्या खात्यात याला कार्योत्तर मंजुरी म्हणत. मी हे हसण्यावारी नेत नाही. मावर्दींपुढे दोनच पर्याय होते: सगळी राजवट बेकायदा म्हणायची, म्हणजे काझींचे निवाडे, लग्नं, वारसाहक्क सगळंच लटकलं, किंवा वस्तुस्थितीला कागद जोडून द्यायचा. त्यांनी कागद जोडला.

मधल्या काळात खलिफा एकाचे तीन झाले होते, बगदादेत अब्बासी, ९०९ पासून उत्तर आफ्रिकेत आणि पुढे कैरोत शिया फातिमी, ९२९ पासून स्पेनमधल्या कोर्दोव्यात उमय्यदांचा वंशज तिसरा अब्दुर्रहमान. खुतब्यातली नावं इकडून तिकडे उड्या मारत. १०५८ च्या शेवटी बसासिरी नावाच्या तुर्क सेनानीने खुद्द बगदादेत कैरोच्या फातिमी खलिफाचा खुतबा वाचायला लावला, तो सुमारे वर्षभर चालला. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने कैरोत उलट केलं. फातिमी खलिफा आजारी पडलेला असताना मशिदीत अब्बासींचं नाव घेतलं, आणि काही दिवसांत तो खलिफा वारला. अडीचशेहून जास्त वर्षांची एक खिलाफत एका शुक्रवारी संपली.

आता पुन्हा दिल्ली. इल्तुतमिशला १२२९ मध्ये बगदादहून सनद आली होती, म्हणून त्याच्या वारसांना ती परंपरा सोडवेना, आणि म्हणून तो बल्बनचा टंका. अलाउद्दीन खिलजीने त्यावर तोडगा काढला: नाण्यावर स्वतःला 'खिलाफतीचा उजवा हात' म्हणवलं, पण कुठल्या खलिफाचा ते लिहिलंच नाही. त्याचा मुलगा मुबारक शाह आणखी पुढे गेला आणि स्वतःलाच खलिफा म्हणवून दिल्लीला दार-उल-खिलाफत करून मोकळा झाला. १३२० मध्ये त्याच्याच मर्जीतल्या माणसाने त्याला मारलं.

आणि मग मुहम्मद तुघलक. त्याच्या पितळी-तांब्याच्या प्रतीक नाण्यांबद्दल सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते कमी लोकांना माहीत असतं. 'जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो रहमानची, म्हणजे दयाळू देवाची, आज्ञा पाळतो.' धातूत दम नव्हता, म्हणून देवाची हमी. ती चालली नाही. ठिकठिकाणी बंडं उठली, आणि सुलतानाला शंका आली की आपल्याकडे खलिफाची सनद नाही म्हणून हे होतंय. त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो की सनद येईपर्यंत त्याने शुक्रवारची आणि ईदची नमाज थांबवली. हिजरी ७४१ पासून नाण्यांवरून त्याने स्वतःचं नाव काढून टाकलं आणि कैरोच्या अब्बासी खलिफाचं, मुस्तक्फीचं, घातलं.

कैरोत खलिफा कुठून आला? १२६१ मध्ये बैबर्स या इजिप्तच्या ममलूक सुलतानाने अब्बासी घराण्यातला एक माणूस शोधून तिथे बसवला होता. त्याच्या वारसांचं काम नव्या सुलतानाच्या राज्यारोहणाला हजर राहायचं आणि सनद द्यायची, एवढंच. मुस्तक्फीचं तिथल्या सुलतानाशी बिनसलं, तेव्हा त्याला वरच्या इजिप्तमध्ये कूस गावी हद्दपार केलं, आणि १३४० मध्ये तो तिथेच मेला. म्हणजे हिंदुस्थानातला सर्वांत ताकदवान राजा स्वतःचं नाव पुसून ज्याचं नाव कोरत होता, त्याला त्याच्याच गावात राहायची परवानगी नव्हती, आणि नाणी पडायला लागली तेव्हा तो हयातही नव्हता. दिल्लीची मयत खलिफांवर काय मर्जी होती कोण जाणे.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने एक किस्सा दिलाय. अब्बासी वंशातला गियासुद्दीन नावाचा माणूस दिल्लीला आला, त्याला तुघलकने डोक्यावर घेतलं. एकदा तो रुसला, तर सुलतानाने जाऊन जमिनीवर मान टेकली आणि माझ्या मानेवर पाय ठेवा म्हणून गळ घातली. इब्न बतूताच्या मते हा गृहस्थ महाकंजूष. त्याचा मुलगा बगदादेत एका मशिदीत रोज एका दिरहमवर इमामत करत होता, ते इब्न बतूताने पाहिलं होतं, आणि बापाने त्याला काही पाठवल्याचं त्याला दिसलं नाही.

मुघलांना असल्या सनदेची गरज वाटली नाही. त्यांनी नाण्यांवर आग्ऱ्याला आणि पुढे शाहजहानाबादला दार-उल-खिलाफत लिहून विषय संपवला.

उस्मानी तुर्कांची गोष्ट जरा वेगळी. १५१७ मध्ये त्यांचा सुलतान सलीम याने कैरो जिंकलं आणि तिथल्या शेवटच्या अब्बासीला इस्तंबूलला नेलं. त्याने खिलाफत रीतसर सलीमच्या स्वाधीन केली ही कथा मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरते, म्हणजे अडीचशे वर्षांनी. आणि तेव्हाच का? कारण १७७४ मध्ये रशियाकडून हरल्यावर क्युचुक कायनार्जाच्या तहात क्रिमिया सुलतानाच्या राज्याबाहेर गेला, पण तिथल्या तातारांचा धर्मप्रमुख म्हणून त्याचं नातं राहील असं कलम घातलं गेलं. जमीन गेली, नाव ठेवलं. भाच्याच्या प्रश्नातला पोप मला वाटतं इथून शिरला. युरोपच्या मुत्सद्द्यांना राज्य नसलेला धर्मगुरू हे ओळखीचं होतं, आणि राज्य आकसत चाललेल्या सुलतानाला ते सोयीचं होतं. १८७६ च्या राज्यघटनेत ते कलमच झालं. दुसऱ्या अब्दुल हमीदने त्याचा जगभर गवगवा केला. तरी १९०९ मध्ये त्याला गादीवरून उतरवायला शेख-उल-इस्लामचा, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च मुफ्तीचा, फतवा पुरला. ज्या अधिकाऱ्याला खलिफा नेमतो, त्याच्या कागदाने खलिफा जातो. कुठल्या पोपच्या बाबतीत असं घडतं?

नोव्हेंबर १९२२ मध्ये अंकाराच्या संसदेने सल्तनत मोडली आणि अब्दुल मजीद यांना फक्त खलिफा म्हणून निवडलं. हे उत्तम चित्रकार. त्यांचं नाव खुतब्यात आलं, पण त्यांच्या नावाचं एकही नाणं नाही. संग्राहक म्हणून मला तिथेच शेवट दिसतो. इकडे हिंदुस्थानात १९१९ पासून अली बंधू आणि गांधीजी खिलाफतीसाठी रान उठवत होते, तुरुंगात जात होते. १९२३ च्या शेवटी आगाखान आणि अमीर अली यांनी खलिफाचा मान राखा म्हणून तुर्की पंतप्रधानांना पत्र लिहिलं. दोघेही शिया, दोघेही ब्रिटिशांच्या जवळचे, आणि पत्र अंकाराला पोचायच्या आत इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. तुर्कस्तानचे अध्यक्ष केमाल पाशा यांना आयतं निमित्त मिळालं. ३ मार्च १९२४ ला खिलाफत रद्द झाली. अब्दुल मजीदना रातोरात राजवाड्यातून काढून चाताल्जा स्टेशनवर आगगाडीत बसवलं. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना तनखा दिला, आणि १९३१ मध्ये नीस शहरात त्यांची मुलगी दुर्रुशहवार निजामाच्या थोरल्या मुलाला दिली.

पद भरायला उमेदवार होतेच. मक्केच्या शरीफ हुसैनने लगेच स्वतःला खलिफा जाहीर केलं. त्याच वर्षी सौदींनी त्याच्याकडून मक्का घेतली. १९२६ ची कैरोची परिषद निर्णयाविना उठली. त्याआधी १९२५ मध्ये कैरोच्या अझहर या धर्मविद्यापीठाचेच एक काझी, अली अब्दुर्राझिक, यांनी लिहिलं की इस्लामने अमुकच राजवट हवी असं कुठे सांगितलेलंच नाही. अझहरने त्यांना विद्वानांच्या यादीतून काढलं. २०१४ मध्ये मोसुलच्या मशिदीत आयसिसच्या म्होरक्याने पुन्हा स्वतःला खलिफा म्हणवलं, तेव्हा जगभरच्या शंभरावर उलेमांनी खुलं पत्र लिहून ते फेटाळलं. त्याच्या संघटनेने सोन्याचे दिनार जाहीर केले होते, पण लढणाऱ्यांचे पगार डॉलरमध्ये होत.

शिया बाजू राहिली. तिथे प्रश्नच वेगळा. इमाम नेमलेला असतो, निवडायचा नसतो. आणि बारावे इमाम ८७४ पासून अदृश्य आहेत. ते परतेपर्यंत कुठलाही राजा फार तर काळजीवाहू. हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते इराणातल्या शिराझचा राज्यकर्ता करीम खान झंद याच्या नाण्यांवर, अठराव्या शतकातल्या. त्याने शाह ही पदवी घेतलीच नाही, वकील, म्हणजे प्रतिनिधी, म्हणवलं. नाण्यावरच्या फारसी ओळी सांगतात की हे सोनं-रुपं खऱ्या इमामाच्या, युगस्वामीच्या शिक्क्याने सूर्य-चंद्र झालं. त्याचं स्वतःचं नाव 'या करीम' या देवाच्या नावात लपवलेलं. मला हे नाणं फार आवडतं, आणि अजून मिळालेलं नाही.

मुजतहिदांची, म्हणजे स्वतः धर्मनिर्णय देऊ शकणाऱ्या शिया विद्वानांची, ताकद १८९१ मध्ये सगळ्यांना दिसली. इराणच्या शाहने तंबाखूचा मक्ता इंग्रजाला दिला म्हणून समार्राच्या मिर्झा शिराझींच्या नावाने फतवा निघाला आणि शाहच्या जनानखान्यातले हुक्केसुद्धा विझले. महिनाभरात मक्ता रद्द. पण राज्य आपण चालवावं असं शिराझी म्हणाले नाहीत. ते म्हणाले खोमेनी, १९७० मध्ये, नजफमधल्या व्याख्यानांत, आणि त्याच नजफमधल्या थोर मुजतहिदांना ते पटलं नव्हतं. धर्माचं दप्तर आणि राज्याचं दप्तर एका टेबलावर ठेवायचा हा बेत विसाव्या शतकातला आहे, सातव्यातला नव्हे. १९७९ च्या इराणी घटनेने सर्वोच्च नेता हा मर्जा, म्हणजे लोक ज्याचं अनुकरण करतात असा सर्वोच्च दर्जाचा मुजतहिद, असावा अशी अट घातली. जून १९८९ मध्ये खोमेनी वारले. त्यांनी एप्रिलमध्येच ही अट नको असं पत्राने कळवलं होतं. खामेनेईंची निवड ४ जूनला झाली, ते तेव्हा मर्जा नव्हते. अट काढून टाकणाऱ्या घटनादुरुस्तीवर सार्वमत झालं २८ जुलैला. मावर्दींनी या तारखा बघून भुवईसुद्धा उंचावली नसती.